टोयोटा हायलक्स, ४० मिमी लिफ्ट: प्रकल्प नोंदी

गाडी: टोयोटा हायलक्स पिकअप, २.८ लिटर डिझेल, ऑटोमॅटिक, फोर बाय फोर, टायर २६५/६० आर१८. पुढे डबल विशबोन (वर-खाली दोन आर्म) आणि कॉइल स्प्रिंग, मागे अखंड ॲक्सल आणि पाटे (लीफ स्प्रिंग). एरवी पुणे शहरात चालते. महिन्यातून दोनदा सह्याद्रीतले घाट आणि कोकणातल्या जांभ्याच्या सड्यांवरचे रस्ते. हौद्यावर फायबरची कॅनोपी आणि आत ड्रॉवर कायमचे बसवलेले.

९ नोव्हेंबर २०२४: वजनकाटा

किती लिफ्ट करायची, म्हणजे सस्पेन्शन बदलून गाडी किती उंच करायची, हे ठरवण्याआधी गाडी काट्यावर नेली. स्प्रिंग वजनासाठी निवडायची असते आणि उंची त्या निवडीतून येते. उलट्या क्रमाने गेलं की गाडी दिसायला उंच होते, पण चालायला दगडासारखी कडक.

तीन वेळा वजन घ्यायचं: आधी फक्त पुढची चाकं काट्यावर, मग पूर्ण गाडी, मग फक्त मागची चाकं. पुढचं आणि मागचं मिळून पूर्ण वजनाच्या २० किलोंच्या आत यायला हवं. फरक जास्त आला तर काट्याची फळी रस्त्याच्या पातळीत नाही, दुसरा काटा शोधा. ८० लिटरची टाकी पूर्ण भरूनच जा. अर्धी टाकी म्हणजे ३३ किलोंची चूक, तीही एकाच बाजूला.

कॅनोपी आणि ड्रॉवर नसताना, गाडीत कोणी नसताना: पुढे १,२४०, मागे ९००, एकूण २,१४० किलो.

प्रवासाच्या पूर्ण तयारीत, म्हणजे कॅनोपी ६०, ड्रॉवर ५५, हत्यारं आणि ओढण्याचे पट्टे ४०, भरलेला फ्रिज ३५, पाणी ४०, सामान ६० आणि दोन माणसं: पुढे १,३१०, मागे १,२७०, एकूण २,५८० किलो.

या आकड्यांतच निम्मी निवड झाली. पुढच्या ॲक्सलवर फक्त ७० किलो वाढले, तेही बसणाऱ्या माणसांचे. मागे ३७० वाढले. त्यातले कायम राहणारे साधारण १६०, बाकीचे प्रवासापुरते.

सामान कुठे ठेवता यानेही आकडा बदलतो. हायलक्सचा व्हीलबेस ३,०८५ मिमी. मागच्या ॲक्सलच्या १,२०० मिमी मागे ६० किलो टांगले तर ॲक्सलवर ६० नाही, ६० × ४,२८५ ÷ ३,०८५ म्हणजे ८३ किलो येतात आणि पुढची बाजू २३ किलोंनी हलकी होते. म्हणून पाण्याचा कॅन हौद्याच्या शेपटाकडून केबिनच्या भिंतीला लावला. एक पैसा न लावता मिळालेली ही सुधारणा.

लिफ्टच्या स्प्रिंगांनी गाडीची वजन वाहण्याची कायदेशीर मर्यादा वाढत नाही. आरसीवरचं एकूण वजन तेच राहतं. ५०० किलोंचे पाटे बसवले म्हणून ५०० किलो जास्त भरता येत नाहीत.

१० नोव्हेंबर: मूळ उंची

माप चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत, सरळ वर. जमिनीपासून मोजलं तर टायरमधली हवा आणि झीज मापात येते. सपाट फरशी, चारही टायरांत सारखी हवा. मोजण्याआधी गाडी दोन मीटर पुढे-मागे हलवून ब्रेक न लावता थांबू द्यायची, नाहीतर सस्पेन्शन अडकून बसतं आणि ५-७ मिमीची खोटी उंची दिसते.

कॅनोपी आणि ड्रॉवरसह: पुढे डावं ५०९, पुढे उजवं ५०१, मागे डावं ५२४, मागे उजवं ५१८ मिमी.

उजवी बाजू खाली असणं या गाडीत नेहमीचं आहे. ड्रायव्हर बसला की आणखी झुकते. पुढचा ८ मिमीचा फरक आत्ताच भरून काढायचा, कारण नव्या कॉइलवर तो तसाच राहील.

१६ नोव्हेंबर: निवड

*उंची.* ४० मिमी ठरवली. पुढच्या बाजूला स्वतंत्र सस्पेन्शन असल्यामुळे चाक खाली जाण्याची मुभा शॉकअपच्या पूर्ण उघडलेल्या लांबीने बांधलेली असते. गाडी ४० मिमी वर गेली की ती मुभा तेवढीच कमी होते. त्याहून वर गेलं की तीन गोष्टी एकाच वेळी बिघडतात: सीव्ही जॉइंट (पुढच्या चाकाला जोर पोचवणारा सांधा) कायम तिरका चालतो, वरच्या आर्मचा बॉल जॉइंट कडेला पोचतो आणि कॅस्टर (स्टिअरिंगच्या अक्षाचा मागे झुकलेला कोन) इतका घटतो की खालच्या आर्मच्या कॅम बोल्टने (आर्म आत-बाहेर सरकवणाऱ्या) तो परत आणता येत नाही. ५० मिमीच्या पुढे जायचं तर बदललेल्या कोनाचे वरचे आर्म घ्यावेच लागतात. हायलक्ससाठी मिळणारे बहुतेक ऑस्ट्रेलियन किट ४० ते ५० मिमीतच थांबतात त्यामागे हे यंत्रशास्त्र आहे.

*स्पेसर.* स्ट्रटच्या (कॉइल आणि शॉकअपच्या जोडीच्या) डोक्यावर बसणारा ॲल्युमिनियमचा स्पेसर सगळ्यात स्वस्त, आणि तो घेतला नाही. शॉकअप चाकाच्या बराच आत बसतो, त्यामुळे १० मिमीच्या स्पेसरने चाकाजवळ जवळपास दुप्पट उंची मिळते. विकणारा हीच गोष्ट सांगतो. तो सांगत नाही ते असं: पूर्ण स्ट्रटच खाली सरकतो, म्हणून चाक मूळ मर्यादेपेक्षा जास्त खाली लोंबतं आणि बॉल जॉइंट व सीव्ही यांना त्यांच्या हद्दीबाहेर ओढतं. वर दाबलं जाताना शॉकअप मूळ बंपस्टॉपच्या (सस्पेन्शन अडवणाऱ्या रबराच्या) आधी आतून आपटू शकतो. स्पीडब्रेकरवरून उतरताना 'टक्क' असा आवाज येणाऱ्या बऱ्याच गाड्यांत कारण हेच असतं.

*पुढची कॉइल.* इथे भारतातल्या गाड्यांची सर्वात मोठी चूक होते. ऑस्ट्रेलियातून येणाऱ्या तक्त्यांत पुढच्या कॉइलचे प्रकार असे असतात: मूळ बंपर, स्टीलचा बुलबार (बंपरपुढचा संरक्षक गज), बुलबार अधिक विंच (अडकलेली गाडी ओढणारं यंत्र). तिकडे बुलबार सर्रास असतो म्हणून मधला प्रकार जास्त खपतो, आणि इथेही तोच 'मीडियम' म्हणून गळ्यात मारला जातो. आपल्याकडे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना क्रॅश गार्ड आणि बुलबारवर कारवाई करायला सांगितलं. पादचाऱ्यांना असलेला धोका हे कारण. या गाडीला बुलबार नाही आणि लागणारही नाही. बुलबारची कॉइल मूळ बंपरवर बसवली तर ४० च्या जागी ६० मिमी उचलते, पुढचा शॉकअप जवळजवळ पूर्ण उघडा राहतो आणि वर लिहिलेल्या तिन्ही अडचणी फुकटात मिळतात. म्हणून मूळ बंपरची, सर्वात हलकी कॉइल घेतली.

*मागचे पाटे.* उपलब्ध प्रकार: रिकामी ते थोडा भार, कायम ३०० किलोंपर्यंत, कायम ५०० किलो. कायमचा भार १६०, प्रवासात हौद्यातलं सगळं सामान ३०० च्या आत, म्हणून मधला. ५०० चे पाटे रिकाम्या हौद्यावर वाकतच नाहीत. खड्ड्यात पाट्याऐवजी पूर्ण चेसिस उडते आणि पावसात वळणावर मागचं चाक पकड सोडतं. ताम्हिणी घाटात जुलैमध्ये हा प्रयोग करू नये.

*शॉकअप.* ट्विन ट्यूब, गॅस भरलेला. मोनोट्यूब उष्णता लवकर सोडतो, सलग लांब खराब रस्त्यावर तो सरस आहे. पण त्याचा पिस्टन बाहेरच्या नळीतच फिरतो, त्यामुळे दगडाने नळीला खळगा पडला की पिस्टन अडकतो. ट्विन ट्यूबमध्ये बाहेरची नळी थोडी चेपली तरी आतली शाबूत राहते. जांभ्याचे सुटे दगड टायरखालून उडतात, म्हणून इथे ट्विन ट्यूबला पसंती.

*टायर.* मूळच ठेवले. पाट्यांनी चेसिस वर जाते, मागच्या डिफरन्शियलखालचं (ॲक्सलच्या मधल्या गोळ्याखालचं) अंतर एक मिलिमीटरही वाढत नाही. ते फक्त मोठ्या टायरने वाढतं. २६५/६५ आर१८ चा व्यास ८०२ मिमी, मूळचा ७७५. म्हणजे हाऊसिंगखाली १३ मिमी जास्त आणि स्पीडोमीटर साडेतीन टक्के कमी दाखवणार. सध्याचे टायर झिजल्यावर विचार करू.

२३ नोव्हेंबर: कागद

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलाला धक्का देणाऱ्या बदलांना मनाई करतं, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ च्या निकालात ते कडकपणे लावलं. सस्पेन्शनला हात लावण्याआधी दोन पत्रं गेली पाहिजेत: एक आरटीओला, एक विमा कंपनीला, दोन्ही पोच घेऊन. बदलाचा प्रकार, मिलिमीटरमध्ये उंची आणि किटच्या तांत्रिक पत्रकाची प्रत जोडायची. विमा कंपनीला आधी न कळवलेला बदल अपघातानंतर दावा नाकारायला पुरतो. उत्तर येईपर्यंत सुट्या भागांची आगाऊ रक्कम भरू नका. मूळ स्ट्रट, पाटे आणि शॉकअप कधीही विकू नयेत. परत मूळ रूपात आणायची वेळ येऊ शकते. वॉरंटीचा भाग वेगळा: सस्पेन्शन, सीव्ही आणि प्रोपेलर शाफ्टच्या (मागच्या ॲक्सलला जोर पोचवणाऱ्या दांड्याच्या) तक्रारी यापुढे आपल्याच माथी असं धरून चालायचं.

७ डिसेंबर: माल तपासला

पुढच्या २ कॉइल, २ स्ट्रट, २ नवे टॉप माउंट. मागचे पाट्यांचे २ संच, ४ यू-बोल्ट, ८ नट, पॉलियुरेथेनचे बुश, ग्रीस निपल असलेले शॅकल (पाट्याचं टोक चेसिसला जोडणारे दुवे) आणि पिना, २ शॉकअप. ५ मिमीचा एक ट्रिम पॅकर (कॉइलखाली ठेवायची चकती). वेगळे मागवलेले: ४ स्प्लिट पिना, सिलिकॉनचं बुश ग्रीस, प्रोपेलर शाफ्टच्या सेंटर बेअरिंगसाठी १० मिमीचे २ स्पेसर.

जुने टॉप माउंट परत वापरून थोडे पैसे वाचतात, पण रबर आधीच दबलेलं असतं आणि हजार किलोमीटरनंतर स्टिअरिंगखाली खडखड सुरू झाली की सगळं पुन्हा उतरवावं लागतं. यू-बोल्ट तर कधीच परत वापरायचे नाहीत. ते एकदा ताणले की त्यांचे आटे लांबतात आणि पुन्हा तोच ताण धरत नाहीत.

स्ट्रटची जुळणी भिंतीवर बसवलेल्या स्प्रिंग दाबणाऱ्या कॉम्प्रेसरवर केली. दोन हुकांच्या सुट्या कॉम्प्रेसरवर ही कॉइल दाबू नका. हुक घसरला तर स्प्रिंग माणसाचा जीव घेऊ शकते. उजव्या कॉइलखाली ५ मिमीचा पॅकर ठेवला. शॉकअपच्या शॅफ्टचा वरचा नट इम्पॅक्ट गनने आवळायचा नाही. शॅफ्ट गरगर फिरतो आणि सीलची कड कापली जाते. शॅफ्ट ॲलन कीने धरून हाताच्या पान्याने आवळला.

जुळणीतली नेहमीची चूक म्हणजे दिशा. टॉप माउंटचे तीन स्टड आणि खालच्या डोळ्याचा बुश यांचा कोन ठरलेला असतो. तो चुकला तर स्ट्रट वर बसतो पण खालचा बोल्ट शिरत नाही, आणि मग कोणीतरी टॉमी (लोखंडी दांडा) घालून डोळा पिरगाळतो. असा पिरगाळलेला बुश काही महिन्यांत फाटतो. जुना स्ट्रट शेजारी उभा करून पांढऱ्या मार्करने दोन्हींवर रेघ मारली आणि मगच कॉम्प्रेसर सोडला.

१३ डिसेंबर: संध्याकाळी

सगळ्या नट-बोल्टांना तारेचा ब्रश आणि गंज सोडवणारं तेल. खालच्या आर्मच्या कॅम बोल्टांना खास. कोकणात फिरणाऱ्या गाडीत ते बाहीला गंजून चिकटतात आणि अलाइनमेंटच्या दिवशी फिरत नाहीत. त्यांच्या मूळ जागेवर खूण केली.

१४ डिसेंबर: पुढची बाजू

मागच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे, पुढून चेसिसखाली जॅक आणि दोन ३ टनी स्टँड. जॅकच्या भरवशावर गाडीखाली जायचं नाही.

क्रम असा ठेवला. दोन्हीकडच्या अँटीरोल बारच्या लिंक आधी सोडल्या.  मग एबीएसची तार आणि ब्रेकच्या नळीचे ब्रॅकेट सोडले. टाय रॉडचा नट दोन आटे सैल ठेवून नकलच्या (चाक धरणाऱ्या भागाच्या) कानावर हातोड्याचे दोन ठोके दिले, टेपर सुटला. इथे काट्यासारखी दुफाळ पाचर ठोकली तर रबरी बूट फाटतो आणि नवा टाय रॉड एंड आणावा लागतो. वरच्या बॉल जॉइंटचंही तसंच: नट पूर्ण काढण्याआधी टेपर सोडवायचा, खालच्या आर्मखाली दुसरा जॅक ठेवायचा, मगच नट काढायचा.

नट निघाला की नकल बाहेर लवंडतो. तो लवंडू दिला तर दोन नुकसानं होतात. ब्रेकची नळी ताणली जाते, आणि सीव्ही शाफ्ट बाहेर ओढला जाऊन आतल्या जॉइंटचे रोलर खोबणीतून सुटतात. हे बाहेरून दिसत नाही, बूट शाबूत असतो, आणि चाक जोडल्यावर कडकड आवाज येतो. नकल लगेच वरच्या आर्मला जाड तारेने बांधला.

वरचे तीन १४ मिमीचे नट. त्यातला एक शेवटपर्यंत दोन आट्यांवर ठेवला. खालचा बोल्ट काढून स्ट्रट बाहेर. नवा घालताना आधी तिन्ही स्टड, मग आर्म जॅकने उचलत खालचा बोल्ट. नव्या स्प्लिट पिना.

यानंतरची गोष्ट बहुतेक ठिकाणी राहून जाते. स्ट्रटचा खालचा बोल्ट आणि आर्मचे बोल्ट चाक लोंबत असताना फक्त बसते केले. शेवटचं आवळणं गाडी चारही चाकांवर उभी राहिल्यावर. रबरी बुश आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटवलेला असतो. लोंबत्या स्थितीत आवळला तर उभ्या गाडीत तो कायम पिळलेला राहतो, पुढचा भाग १०-१५ मिमी खोटा उंच दिसतो आणि काही हजार किलोमीटरमध्ये रबर फाटतं. किती जोराने आवळायचं ते आकडे वर्कशॉप मॅन्युअलमधून घेतले आणि टॉर्क पान्यानेच आवळलं. आवळलेल्या प्रत्येक नटावर पिवळी रेघ.

पूर्ण लोंबत्या स्थितीत तीन तपासण्या: चाक हाताने फिरवून सीव्ही कुठे अडतो का, वरचा आर्म आणि कॉइल यांत किमान ६ मिमी जागा आहे का, स्टिअरिंग दोन्ही टोकांना नेऊन ब्रेकची नळी आणि एबीएसची तार ताणली जाते का. तिन्ही ठीक. पुढचं डिफरन्शियल खाली उतरवणारे स्पेसर बसवले नाहीत. ४० मिमीवर सीव्हीचा कोन मर्यादेत आहे, आणि जे अंतर मिळवण्यासाठी खटपट चालली तेच त्यांनी पुन्हा घटतं.

१५ डिसेंबर: मागची बाजू

चेसिस स्टँडवर, हाऊसिंगखाली ट्रॉली जॅक. शॉकअप, हँडब्रेकच्या तारेचे ब्रॅकेट, एबीएसची तार सोडली. एका वेळी एकच बाजू. दोन्ही बाजूंचे यू-बोल्ट एकदम सोडले तर हाऊसिंग जॅकवर फिरतं आणि प्रोपेलर शाफ्टला लटकतं.

नवे पाटे उचलण्याआधी सेंटर बोल्ट पाहायचा. तो पाट्याच्या मध्यात नसतो, एक बाजू आखूड असते. संच उलटा बसवला तर ॲक्सल मागे-पुढे सरकतो आणि टायर चाकाच्या कमानीला घासतो. जुन्या पाट्याशेजारी नवा ठेवून दोन्ही डोळ्यांपासूनची मापं जुळवली. सेंटर बोल्टचं डोकं हाऊसिंगच्या गादीतल्या भोकात पूर्ण बसलं हे बोट घालून पाहिलं. कडेवर टेकलं असेल तर यू-बोल्ट आवळताना ते छाटलं जातं आणि नंतर कधीतरी ब्रेक लावताना ॲक्सल तिरका होतो.

पॉलियुरेथेनच्या बुशांना आतून आणि तोंडाशी सिलिकॉन ग्रीस. कोरडे बसवले तर शंभर किलोमीटरवर चर्र वाजतात. पिनांची निपल बाहेरच्या बाजूला, ग्रीस गन पोचेल अशी. डिझेल टाकीच्या बाजूची पिन बसवण्याआधीच निपल कुठे येतं ते बघा, नंतर ती फिरवता येत नाही.

यू-बोल्ट कर्णाकर्णाने, चार टप्प्यांत. प्रत्येक टप्प्यानंतर खालच्या पट्टीबाहेर आलेले आटे चारही पायांवर सारखे आहेत का ते पाहिलं. डोळ्याच्या आणि शॅकलच्या पिना सैलच ठेवल्या, गाडी जमिनीवर आल्यावर आवळल्या.

शॉकअप लांबीला बसतो का हे खालचं टोक सोडून तपासलं. एक मागचं चाक उंच ठोकळ्यावर चढवून बंपस्टॉप टेकवला आणि दोन्ही माउंटमधलं अंतर मोजलं. ते पूर्ण मिटलेल्या शॉकअपपेक्षा २२ मिमी जास्त भरलं. १५ च्या खाली आलं असतं तर हा शॉकअप परत केला असता. ब्रेकची नळी आणि हाऊसिंगच्या ब्रीदरची नळी पूर्ण लोंबत्या स्थितीत सैल आहेत.

उंची: पुढे ५५१ आणि ५५२, मागे ५७१ आणि ५६६. पॅकरने उजवी बाजू ९ मिमी अधिक उचलली, पुढचा कल गेला. मागची बाजू आत्ता ४७-४८ वर आहे. पाटे बसले की १० मिमी उतरेल.

१६ डिसेंबर: अलाइनमेंट आणि दिवे

न जुळवता मशिनवर: कॅम्बर डावा +०.५, उजवा +०.६; कॅस्टर २.२ आणि २.१ अंश. लिफ्टनंतर असंच होतं, चाक वरून बाहेर झुकतं आणि कॅस्टर घटतो.

अलाइनमेंटवाले बऱ्याचदा फक्त टो (चाकांची तोंडं आत-बाहेर किती वळली आहेत ते) जुळवून गाडी सोडतात, कारण तेवढ्याने रेघ हिरवी होते. इथे कॅमपासून सुरुवात करायची. मागचा कॅम बाहेर आणि पुढचा कॅम आत घेतला की खालचा बॉल जॉइंट पुढे सरकतो आणि कॅस्टर वाढतो. दोन्ही कॅम बाहेर घेतले की कॅम्बर ऋणाकडे जातो. कॅस्टर आधी, कॅम्बर मग, टो सर्वात शेवटी. शेवटचे आकडे: कॅम्बर ०.० आणि −०.१, कॅस्टर डावा २.८, उजवा २.५, एकूण टो-इन १.५ मिमी. डाव्या बाजूला कॅस्टर मुद्दाम ०.३ जास्त: रस्त्याचा उतार डावीकडे असतो, गाडी तिकडे ओढते, आणि कमी कॅस्टरच्या बाजूला म्हणजे उजवीकडे मिळणारा किंचित ओढा त्याला तोलतो.

स्टिअरिंग सरळ ठेवून डायग्नोस्टिक टूलने स्टिअरिंग अँगलचं शून्य पुन्हा नोंदवलं. हे राहिलं तर सरळ रस्त्यावरही गाडीला आपण वळतोय असं वाटतं आणि स्थिरता यंत्रणा नको तिथे ब्रेक लावते.

दिवे तात्पुरते खाली घेतले. मागची बाजू १० मिमी बसली की ३,०८५ च्या व्हीलबेसवर झोत १० मीटरवर ३२ मिमी वर जाईल, त्यामुळे अंतिम जुळवणी पाटे बसल्यावरच.

२२ डिसेंबर: ३४० किमी, थरथर

पुणे ते माणगाव, ताम्हिणीमार्गे जाऊन येऊन, आणि शहरातला वापर. वळणांवर झुकणं कमी, ब्रेक लावताना नाक खाली जाणं कमी. पण रिकामी गाडी जागेवरून सुटताना १० ते २५ किमी वेगात सीटखाली थरथर येते. जोरात सुटलं की जास्त, हळू सुटलं की जवळजवळ नाही.

वेगाबरोबर वाढणारी थरथर चाकाच्या किंवा शाफ्टच्या बॅलन्सची असते. ही वेगाबरोबर न वाढता इंजिनच्या जोराबरोबर वाढते, म्हणजे कोनाची. हायलक्सचा प्रोपेलर शाफ्ट दोन तुकड्यांचा आहे, मध्ये सेंटर बेअरिंग. चेसिस वर गेली, मागचं हाऊसिंग खाली राहिलं आणि मागच्या तुकड्याचा उतार वाढला.

खात्री करायला सिमेंटच्या ५० किलोंच्या चार गोण्या हौद्यात टाकल्या. मागची बाजू खाली आली आणि थरथर गेली. ही चाचणी दहा मिनिटांची आहे. ती न करता शाफ्ट उतरवून बॅलन्सिंगला पाठवण्यात दोन दिवस आणि पैसे दोन्ही जातात.

सेंटर बेअरिंगचं ब्रॅकेट आणि चेसिस यांच्यामध्ये १० मिमीचे स्पेसर, लांब बोल्ट ८.८ ग्रेडचे. शाफ्टला हात लावण्याआधी फ्लँजवर खुणा, नाहीतर तो वेगळ्या दिशेने जोडला जातो आणि नवीनच थरथर सुरू होते. रिकाम्या गाडीत आता फक्त पूर्ण ॲक्सिलरेटरवर अगदी हलकी जाणवते. १५ मिमीचे स्पेसर घातले नाहीत, कारण त्याने पुढच्या तुकड्याचा कोन बिघडतो. पाटे अजून बसायचे आहेत, तेव्हा पुन्हा पाहू.

१२ जानेवारी २०२५: १,०६० किमी

सगळे नट पुन्हा टॉर्क पान्याने. यू-बोल्टचे आठपैकी पाच नट थोडेथोडे फिरले. पाटे एकमेकांवर बसताना ही ढिलाई येतेच. पहिल्या १०० किमीला एकदा आवळले होते तरीही. पुढच्या स्ट्रटचे नट पिवळ्या रेघेवरच.

उंची: पुढे ५४८ आणि ५४९, मागे ५६१ आणि ५५६. पाटे १० मिमी बसले आणि थरथर पूर्ण गेली. दिवे १० मीटरवरच्या भिंतीवर जुळवले, झोताची कड दिव्याच्या मध्यापेक्षा १० सेंटिमीटर खाली. मोजताना प्रवासाचं सामान आणि चालक आत.

मागच्या डाव्या शॅकलमधून उतरताना चर्र आवाज होता. निपलमधून ग्रीस दिलं, दोन्ही तोंडांतून बाहेर येईपर्यंत. आवाज बंद.

९ फेब्रुवारी: ३,१०० किमी

सड्यावरच्या दगडी वाटेवर दोन दिवस. शॉकअप कोरडे, तेलाचा ओलावा नाही. सीव्हीचे बूट घडीत चिरलेले नाहीत. लिफ्टनंतर आतल्या बाजूच्या घड्या एकमेकींना घासतात, म्हणून बोटाने उघडून पाहायचे. पुढच्या टायरांची झीज आतून-बाहेरून सारखी, डेप्थ गेजने ०.२ मिमीच्या आत.

उतारावरच्या मोठ्या खळग्यात पुढचं डावं चाक दोनदा पूर्ण लोंबलं आणि शॉकअप टोकाला टेकल्याचा मऊ धक्का आला. ४० मिमीची ही किंमत आहे. अशा जागी वेग चालण्याइतकाच हवा.

पुढची तपासणी ५,००० किमीला: यू-बोल्ट, शॅकलचं ग्रीस, वरच्या बॉल जॉइंटचा खेळ, सेंटर बेअरिंगचं रबर. पावसाळ्याआधी कॅम बोल्ट एकेक सोडवून बाहीत ग्रीस भरायचं, आणि त्यानंतर अलाइनमेंट पुन्हा.